सातबारा कोणाच्या नावावर?

हाँगकाँगला मी मुद्दाम शेक किप मेईतल्या 'मेई हो हाउस'मध्ये उतरलो. आज ते युथ हॉस्टेल आहे. मूळची १९५४ची सरकारी चाळ. १९५३च्या नाताळच्या रात्री इथल्या झोपडपट्टीला आग लागली, पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली आणि ब्रिटिश सरकारला घरं बांधणं भाग पडलं. इथल्या संग्रहालयात तेव्हाच्या खोल्या मांडून ठेवल्यात. पाच जणांना १२० चौरस फूट. नळ, संडास सामाईक. गिरणगाव पाहिलेल्याला याचं नवल नाही. नवल याचं, की मुक्त बाजाराचा नमुना म्हणून अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन याच शहराकडे बोट दाखवत.

शाम शुई पोमध्ये हिंडलो. आप्लिऊ स्ट्रीटवर जुने रेडिओ, चार्जर, वायरींचे ढीग. वरच्या इमारतींत एकेका घराचे तुकडे पाडून भाड्याने दिलेल्या खोल्या. मेट्रोने पुढे गेलो, तर स्टेशनावर मॉल आणि मॉलवर टॉवर. मेट्रो कंपनीत मोठा वाटा सरकारचा. स्टेशनांवरच्या बांधकामाचे हक्क तिला मिळतात आणि त्या नफ्यातून नवे मार्ग होतात. शहरातली जवळजवळ सगळी जमीनच सरकारी. बिल्डर लिलावात फक्त भाडेपट्टा घेतात. विक्रीकर नाही, आयकर बेताचा. तिजोरी भरायला जमिनीचा भाव चढा राहिलेला बरा. करात वाचलेलं माणूस घरभाड्यात भरतो. ज्यांना तेही झेपत नाही, असे लाखो लोक सरकारी घरांत राहतात.

तिथून चार तासांच्या विमानाने सिंगापूर. आर्थिक स्वातंत्र्याच्या याद्यांत ही दोन शहरं अनेक वर्षं पहिल्या-दुसऱ्या नंबरावर. इथेही कहाणी आगीपासूनच सुरू होते. मे १९६१मध्ये बुकित हो स्वी जळालं, सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले. वर्षभराच्याच वयाच्या गृहनिर्माण मंडळाने तिथे भराभर इमारती उठवल्या. १९६६च्या कायद्याने सरकारने जमिनी स्वस्तात ताब्यात घेतल्या. मात्र इथे भाडेकरू ठेवण्यापेक्षा घरं विकण्यावर भर होता. १९६८पासून भविष्यनिर्वाह निधीतून हप्ते भरता येऊ लागले. आज दहातले आठ रहिवासी मंडळाच्या घरांत आहेत आणि बहुतेक जण मालक आहेत.

जवळच्या तिओंग बारू बाजारात, वरच्या मजल्यावर, वाफवलेल्या तांदळाच्या वड्या आणि मुळ्याचं खारवण खाताना शेजारच्या आजोबांना विचारलं, "घर तुमचंच?"

"माझंच," ते हसून म्हणाले, "नव्व्याण्णव वर्षांपुरतं!"

पट्टा संपला की घर मंडळाकडे परत. शिवाय १९८९पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय किती असावेत याचीही मर्यादा आहे. घर कोणाला विकता येईल हे त्यावरही ठरतं. मालकी आहे, पण अटींसह.

बाजार दोन्हीकडे मोकळा, जमीनदार दोन्हीकडे सरकार. एकाने जमिनीतून तिजोरी भरली, दुसऱ्याने मालक घडवले आणि त्यांना नियमांत बांधलं. 'सगळं बाजारावर सोडा' म्हणून या शहरांचे दाखले देणाऱ्यांनी त्यांचा सातबारा आधी वाचावा.