आजोबांच्या टोपीवरचा खांब

आईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, एका फडक्यात दोन बिल्ले बांधून ठेवले आहेत. एक आजोबांचा, एक वडिलांचा. दोघेही महार रेजिमेंटमध्ये होते. परवा ट्रंक उघडली, तर चौथीतला नातू लगेच म्हणाला, "आजी, ह्याच्यावर खांब आहे. त्याच्यावर का नाही?"

खरे आहे. वडिलांच्या बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या दोन मशीनगन आणि खंजीर आहे. खांब आहे तो आजोबांच्या. कोरेगावचा.

नातवाला जवळ बसवून सांगितले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. खांबावर मेलेल्यांची नावे आहेत, त्यांतली २२ 'नाक' या अक्षरांनी संपतात. ती आपली माणसे. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले होते. पण लढाईचा मान जातीला मिळत नाही, पलटणीला मिळतो. ती पलटण पुढे ग्रेनेडियर्स झाली. म्हणून 'कोरेगाव' हा मान त्यांच्या नावावर गेला, आपल्या रेजिमेंटच्या नाही. आपल्याकडे उरले ते टोपीवरचे चित्र.

आपली रेजिमेंट तेव्हा नव्हतीच. लढाऊ जात नाही म्हणून इंग्रजांनी १८९० नंतर आपली भरतीच बंद केली. पहिले महायुद्ध आले तसे १९१७ साली १११ वी महार पलटण काढली, आणि १९२१ साली मोडून टाकली. गरज लागली की या, सरली की जा! बाबासाहेब १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी जोर लावला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पहिली पलटण उभी राहिली. दुसरी १९४२ साली कामठीला. आजोबा तिथेच भरती झाले.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्यावरचा खांब काढला. मला अजूनही वाटते, राहू द्यायला हवा होता. वडिलांना मात्र त्याचे फारसे नव्हते. ते सांगायचे लंगराचे. सागरच्या सेंटरला गढवाली, तमिळ, बंगाली, सगळी पोरे एका पंगतीत, एकाच डेगचीतले जेवायची. १९६६ साली ते वर्दीवर सुट्टीला आले. गावच्या हॉटेलात चहा मागितला, तर मालकाने खिळ्याला टांगलेली वेगळी कपबशी काढली. वडील उठले. पैसे टेबलावर ठेवले, चहा तसाच सोडून घरी आले, आणि बुटाची नाडी सोडायलाही विसरून कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिले. हे आईने सांगितले. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

१९७१ च्या युद्धात १० महारचा शिपाई अनुसूया प्रसाद धारातीर्थी पडला, मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. तो गढवालचा. १९८७ साली श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, त्यांना परमवीर चक्र. जन्म मुंबईचा, घर तमिळ. बातमी ऐकून वडील म्हणाले होते, "आमच्या पलटणीचा माणूस."

नातवाने पाटीवर बिल्ला काढला. मशीनगन काढल्या, खंजीर काढला, आणि मध्ये खांबही. आईने दोन्ही बिल्ले चिंचेने घासले, पुसले आणि पुन्हा एकाच फडक्यात बांधले.