फोर्ट मॅकहेन्री : बाण, निशाण आणि आपण

किल्ला म्हटलं की मराठी माणसाच्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. दोन तासांची चढण नाही, वाटेत ताक-सरबत नाही, तर तो किल्ला कसला! बाल्टिमोरचा फोर्ट मॅकहेन्री या बाबतीत साफ निराशा करतो. पार्किंग लॉटपासून थोडं सपाटीवर चाललं की आपण विटांच्या बुटक्या तटासमोर उभे! तरीही भारतातून आलेल्या पाहुण्यांना वॉशिंग्टन दाखवून झालं की एक दिवस इकडे जरूर काढावा, आणि तोही नुसते फोटो काढायला नव्हे, तर तिथल्या रेंजर मंडळींची व्याख्यानं ऐकायला.

आधी किल्ल्याविषयी थोडंसं. बाल्टिमोर बंदराच्या तोंडाशी जमिनीची एक जीभ पाण्यात शिरली आहे. तिच्या टोकावर १७९८ च्या सुमारास हा चांदणीच्या आकाराचा भुईकोट बांधायला घेतला. पाच कोपऱ्यांवर पाच बुरूज. तटाच्या पायथ्याशी शत्रू आला तर शेजारच्या बुरुजावरून त्याला टिपता येतं. १३ सप्टेंबर १८१४ ला ब्रिटिश आरमाराने यावर मारा सुरू केला, तो जवळजवळ २५ तास चालला. इथलं गणित सोपं आणि भयंकर होतं. ब्रिटिशांच्या उखळी तोफांचा पल्ला सुमारे दोन मैल, किल्ल्यातल्या तोफांचा त्याहून कमी. म्हणजे बराच वेळ नुसता मार खात बसायचं! मात्र अमेरिकनांनी आपलीच जहाजं बुडवून बंदराची वाट अडवली होती, आणि शत्रू जवळ आला की किल्ल्यातल्या तोफा त्याला भाजून काढत. त्यामुळे त्याला लांबूनच मारा करावा लागला, आणि दीड हजाराच्या आसपास गोळ्यांपैकी बरेचसे वाया गेले. एक तर थेट दारूकोठारावर पडला, पण फुटलाच नाही. चारजण कामी आले, चोवीसेक जखमी झाले, किल्ला शाबूत राहिला.

१४ तारखेच्या सकाळी गडावर ३० फूट बाय ४२ फुटांचं प्रचंड निशाण फडकलं. कैदेतल्या एका डॉक्टरला सोडवायला गेलेला फ्रान्सिस स्कॉट की हा वकील तेव्हा पाण्यावर अडकून पडला होता. त्या निशाणावरून त्याने कविता लिहिली, आणि १९३१ मध्ये ती या देशाचं राष्ट्रगीत झाली. आपली मुलं शाळेत म्हणतात ती हीच.

किल्ल्यावर रोज निशाण चढवण्या-उतरवण्याचा कार्यक्रम असतो. वारा बेताचा असला की मोठं निशाण काढतात, आणि मग रेंजर जमलेल्या सगळ्यांना कामाला लावतात. समोरासमोर दोन रांगा करायच्या, कापड हातावर तोलायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही. कोण कुठल्या देशाचा, हे कोणी विचारत नाही. सप्टेंबरात ‘डिफेंडर्स डे’च्या निमित्ताने जुन्या गणवेशातले स्वयंसेवक कवायती करतात, तोफांचे बार काढतात. नव्या नागरिकांचे शपथविधीही या किल्ल्यावर झाले आहेत.

मला मात्र सर्वांत आवडतात ती व्याख्यानं, कारण तिथे नुसता जयजयकार नसतो. हे निशाण मेरी पिकर्सगिल या बाईंनी १८१३ मध्ये शिवलं. त्यांच्या घरात करारानं बांधलेली ग्रेस विशर नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी होती, तिचाही हात त्या कापडाला लागला. स्वातंत्र्याचं गीत लिहिणाऱ्या ‘की’च्या पदरी गुलाम होते. आणि यादवी युद्धात, १८६१ साली, त्याच ‘की’चा नातू, फ्रँक की हॉवर्ड नावाचा संपादक, सरकारवर टीका केली म्हणून याच किल्ल्यात कैदी होता! तारीखसुद्धा १३ सप्टेंबरच.

आता आपण. आपल्या पार्ट्यांमधून हमखास ऐकू येणारी एक गोष्ट आहे: हे राष्ट्रगीत म्हणे मुंबईच्या वाडियांनी बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिलं गेलं. जहाज खरं, १८१० मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं. पण ‘की’ होता तो तहाचं निशाण लावलेल्या एका अमेरिकन जहाजावर, आणि हल्ला करणाऱ्या आरमारात ‘मिंडेन’ नव्हतंच. गोष्ट गोड आहे, पण मुलांना सांगण्यासारखी नाही.

सांगण्यासारखं नातं वेगळंच आहे. राष्ट्रगीतात ज्या अग्निबाणांचा लाल उजेड आहे, ते बाण विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडमध्ये तयार केले. त्यामागची प्रेरणा हैदर आणि टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांची. आपल्या पेशवाईतल्या फौजांना ते चांगलेच माहीत होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, तिथले बाण वूलिचला पोचले, आणि पंधरा वर्षांनी त्यांची सुधारलेली भावंडं ‘एरेबस’ जहाजावरून या किल्ल्यावर येऊन पडली. म्हणजे आपलं नातं आहे, पण ते विजेत्याचं नाही. लुटीत गेलेल्या विद्येचं आहे.

आणखी एक नातं अगदी ताजं. ‘की’च्या नावाचा पूल किल्ल्यावरून दिसायचा. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे मालवाहू जहाज त्यावर आदळलं आणि पूल कोसळला. रस्त्याची डागडुजी करणारे सहा कामगार गेले, सगळे लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले. जहाजावरच्या एकवीस खलाशांपैकी वीस भारतीय. आठवड्यांमागून आठवडे ते त्या जहाजावरच अडकून होते. गीत लिहिणाराही याच पाण्यावर अडकला होता. त्याचं नाव पुलाला मिळालं, यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. पण बाल्टिमोर बंदराच्या इतिहासात तेही आता आलेच.

तेव्हा मंडळी, जाऊन या. डबा बरोबर घ्या, तटाबाहेरच्या हिरवळीवर बसायला तिकीट लागत नाही. मात्र व्याख्यान चुकवू नका. आणि शेवटी रेंजर ‘काही प्रश्न?’ असं विचारतील तेव्हा मुलांना हात वर करायला सांगा. बाणांविषयी विचारू द्या.