महाडचा मुक्काम

२०१८ चा मे महिना. खेडला भाच्याचा निकाह, दुसऱ्या दिवशी जोहरनंतर. पनवेलहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघे, अम्मी आणि दोन मुले. माणगाव सोडल्यावर बॉनेटखालून चिरका आवाज येऊ लागला, म्हणून महाडला महामार्गालगतच्या गॅरेजात थांबलो.

मिस्त्रीने बाहेरचा पट्टा ताणून आवाज बंद केला. मग सहज विचारले, "सर, आतला टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

उत्तर नव्हते. गाडी २००७ ची, जुनी घेतलेली, काटा ९२ हजारांवर. आधीच्या मालकाने सर्व्हिसचे पुस्तक दिले नव्हते, आम्हीही मागितले नव्हते. शाळेत दाखल्याशिवाय कुणाला प्रवेश न देणारे आम्ही!

"बाहेरचा पट्टा ओरडतो. आतला तुटेपर्यंत गाडी छान चालते," तो म्हणाला. हा दातेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्टची गती वर कॅमशाफ्टला देतो. क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमचा एक. त्याच तालावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. पट्टा तुटला की आमच्यासारख्या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. शिवाय गाडी उभी राहिली तरी रबराचे वय वाढतच असते.

पट्टा, पुल्या, मजुरी मिळून साडेचार हजार. व्हॉल्व्ह वाकले तर हेड उतरवून पंचवीस हजार तरी. पण सामान संध्याकाळी येणार, काम सकाळी होणार आणि रात्रीची मेंदी चुकणार. "दोन वर्षे धावतेय, अजून एक दिवस धावेल," असे आम्हीच म्हणालो. झाकण काढून पाहिले तर चीरही दिसेना. "वरून एवढाच तुकडा दिसतो, सर."

तेव्हा कशेडीचा बोगदा नव्हता, घाटच ओलांडावा लागे. उतारावर इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. हे ऐकून अम्मीच म्हणाल्या, "आम्हाला एसटीत बसवा. तुम्ही गाडी घेऊन सावकाश या." मुलांसह त्यांना चिपळूणच्या गाडीत बसवले, भरणे नाक्यावर मामू घ्यायला येणार होते.

संध्याकाळी आम्ही दोघे चवदार तळ्यावर जाऊन बसलो. २० मार्च १९२७ चा धडा दरवर्षी शिकवतो. तळे निवांत पाहिले ते त्या दिवशी. रात्र स्टँडजवळच्या लॉजवर, डास आणि पंख्याच्या खडखडाटात काढली.

सकाळी मिस्त्रीने खुणा जुळवल्या, नवा पट्टा चढवला, हाताने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या, मगच चावी लावली. जुना पट्टा उलटा वाकवून दाखवला. तीन दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा होत्या. आम्ही तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आत चिकटवली.

खेडला पोहोचलो तेव्हा जोहरची अजान व्हायची होती. लेक रंगलेले हात पुढे करून दारातच उभी होती.