मॉरिशसला जाण्यापूर्वी

मॉरिशसला निघण्याआधी बडोद्याच्या मावशीला भेटायला गेलो. खरेदीला ती मला लहरीपुऱ्यात घेऊन गेली. दरवाजापाशी मी यादी वाचली: सुती कपडे, छत्री, चौकोनी तीन पिनांचा प्लग. जानेवारी ते मार्च तिथे चक्रीवादळांचे दिवस, म्हणून सप्टेंबर बरा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

"आणि मराठी?" तिने विचारले.

मी सांगितले, १८३४ पासून करारावर ऊसमळ्यांत गेलेल्यांत कोकणातलेही होते. आज त्यांच्या घरांत बहुधा क्रिओल चालते. पण शाळेत मराठी शिकता येते आणि आपल्या चवथीला देशभर सुट्टी असते.

"मग कुणाच्या घरी गेलास तर नारळ ने."

"फळे-रोपे न्यायला तिथे परवाना लागतो, मावशी."

तिने देवापुढे घालायला तांबडे कापड घेतले. पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "बोलताना घाई करू नको. शब्द आठवेपर्यंत थांब."

तिची नातवंडे गुजरातीत बोलतात. यादीतला हा सल्ला मात्र कुठल्याच प्रवासी पुस्तकात मला सापडला नव्हता. तुम्ही जाल तेव्हा तोही बरोबर न्या.