कल्हईवाल्याची नात

बी.एड.ला आम्हाला ‘कृतीतून शिक्षण’ शिकवलं ते फळ्यावर लिहून. पुढे वर्गात मीही ते तसंच सांगत आले. या उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्यांदा हातात सोल्डरिंग आयर्न घेतलं, तेव्हा कळलं की वाक्य पाठ होतं, अर्थ नव्हता.

निमित्त कीबोर्डचं. मला रोज दोन लिप्या टाइप कराव्या लागतात. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून. जुन्या कीबोर्डच्या कळा अडकायला लागल्या होत्या. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो आणि तो आपल्या हातांनी बसवता येतो, हे कळल्यावर 61 कळांचा संच मागवला. प्रत्येक स्विचला दोन पाय. म्हणजे 122 सांधे.

पहिले वीसेक सांधे बिघडवले. आयर्नच्या टोकावर कथील वितळवून मी पायावर थेंब सोडत होते. निस्तेज मणी तयार झाले आणि कळा मुक्याच राहिल्या. आयटीआय केलेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, “मॅडम, कथील टोकाला नको, सांध्याला द्या. आधी पाय आणि बोर्डावरची तांब्याची चकती, दोन्ही तापू द्या. दोन-तीन सेकंद. मग ते आपोआप धावतं.”

धावलं. छोट्या चकचकीत शंकूसारखं बसलं. तारेच्या पोटातली राळ जळून धूर निघाला आणि मला दादांचा भाता आठवला.

दादा, म्हणजे अब्बांचे वडील, कल्हई करायचे. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथील आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा. नवसागर तांब्यावरचा काळपट थर काढतो म्हणून कथील धरतं. राळेचंही काम तेच. शाळेत कुणी विचारलं, तर मी सांगायचे, “आमच्या दादांचं भांड्यांचं दुकान आहे.” दुकान नव्हतं. रस्त्याकडेला खणलेली भट्टी होती. हे खोटं मी त्यांच्या हयातीत कधी दुरुस्त केलं नाही.

एक सांधा घाईत जास्त तापवला आणि चकतीच उखडली. कळ नेमकी इंग्रजी ‘के’ची. मराठी इनस्क्रिप्टमध्ये तिथे ‘क’ असतो, उर्दू फोनेटिकमध्ये ‘काफ’. दोन्ही भाषा एकदम अडल्या! विद्यार्थ्याने डायोडपासून स्विचच्या पायापर्यंत बारीक तार जोडायला सांगितली, पण स्वतः हात लावला नाही. हे त्याला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. मी तर मुलांच्या हातातली पेन्सिल घेऊन अक्षर काढून देणारी.

तिसऱ्या खेपेला तार बसली. हा लेख त्याच कीबोर्डवर लिहिलाय. ‘कल्हई’ लिहिताना पहिली कळ तीच दाबली.