ट्यूबच्या पाठीवरचा मजकूर

आमच्या घरात सनस्क्रीन ही हौसेची वस्तू नाही. माझ्या पत्नीला अकरा वर्षांपूर्वी ल्यूपसचे निदान झाले. शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटावी असा हा विकार, आणि ऊन त्याला चेतवते. भर दुपारी अर्धा तास उघड्यावर गेला की तिच्या दोन्ही गालांवर फुलपाखराच्या आकाराचे लाल चट्टे उमटतात. मग आठ-दहा दिवस सांधेदुखी, थकवा आणि बारीक ताप. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत जे लिहून दिले, त्यात गोळ्यांइतक्याच ठळक अक्षरांत सनस्क्रीन होते. अतिनील किरणांपैकी ‘अ’ प्रकारचे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. त्यामुळे घराबाहेर पडायचे नसले तरी सकाळी देवदर्शन आटोपले की ती चेहऱ्याला आणि हातांना सनस्क्रीन लावते.

गेल्या डिसेंबरात मुलाने मालवण-तारकर्लीचा बेत आखला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालचे प्रवाळ पाहायचे, ही नऊ वर्षांच्या नातीची मोठी इच्छा. ट्यूब पिशवीत जाताना पाहून तीच म्हणाली, “आजी, हे क्रीम पाण्यात गेलं की प्रवाळ मरतात. आमच्या टीचरांनी सांगितलंय.” पत्नीने तेव्हा काहीच उत्तर दिले नाही. रात्री मात्र मला म्हणाली, “अहो, हे खरं असेल तर मी खोलीवरच थांबते. तुम्ही सगळे जाऊन या.” या आजारापायी तिने लग्नकार्यांतल्या वराती सोडल्या, यात्रा सोडल्या, संध्याकाळ होण्याआधीचे फिरणे सोडले. त्या यादीत समुद्राची भर घालायला माझे मन तयार नव्हते. दुसरीकडे, तिचा प्रश्न वाऱ्यावर सोडण्यासारखाही नव्हता. बेताला तीन आठवडे होते. बँकेत कर्जप्रकरणांची छाननी करण्यात ज्याची हयात गेली, त्याला एवढा अवधी पुरतो.

पोवळे आपल्या व्यापारी घरांना ठाऊक आहे ते सराफाच्या काट्यावरचे. समुद्रातले जिवंत प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांची एकत्र वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानालाही देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी फार तापले किंवा बिघडले की प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो आणि वेळेत सावरला नाही तर उपासमारीने मरतो. यालाच विरंजन म्हणतात. समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळांनी व्यापलेला आहे, तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव जाती या ना त्या प्रकारे त्यांच्या आश्रयाने जगतात.

नातीच्या टीचरांनी सांगितले त्याचे मूळ २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. ऑक्सिबेंझोन हे सनस्क्रीनमधील जुने आणि लोकप्रिय रसायन. ते प्रवाळाच्या अर्भकावस्थेतील जीवांची वाढ विकृत करते आणि त्यांच्या डीएनएला इजा करते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. मग कायदे आले. हवाईने ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री डॉक्टरी चिठ्ठीशिवाय करण्यास १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. पलाऊ या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने तर वर्षभर आधीच दहा घटकांवर बंदी आणली होती. थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत चार घटक निषिद्ध ठरवले आणि एक लाख बाहतपर्यंत दंड ठेवला.

२०२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागची रासायनिक यंत्रणाही दाखवली. त्यांनी प्रवाळांचे नातलग असलेले समुद्रफूल प्रयोगाला घेतले. शरीरात शिरलेल्या ऑक्सिबेंझोनची विल्हेवाट लावण्यासाठी हा प्राणी त्याला साखरेचा रेणू जोडतो. जे रसायन आपल्या कातडीवर उन्हाला अडवते, तेच या जोडणीनंतर उन्हात विषारी बनते. अंगातले शैवाल यातले बरेचसे विष स्वतःकडे रोखून धरते. म्हणजे उष्णतेने ज्या प्रवाळाचे शैवाल आधीच गेले आहे, त्याला याचा घाव अधिक खोल बसण्याची भीती.

दुसरी बाजूही तपासली. प्रयोगशाळेत वापरलेले प्रमाण खऱ्या समुद्रात बहुतेक ठिकाणी आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त होते, असा अनेक शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ च्या अहवालात बंदीची शिफारस केली नाही. पर्यावरणावरील धोक्याचे रीतसर मूल्यमापन करा, एवढेच तेथील सरकारी यंत्रणेला सुचवले. शिवाय प्रवाळांचा खरा काळ म्हणजे तापणारे पाणी. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली मोठे विरंजन झाले, ते सनस्क्रीनमुळे नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर बुडीत कर्जाचे मोठे खाते उष्णतेच्या नावावर आहे आणि सनस्क्रीनचे खाते त्यामानाने किरकोळ. पण त्या किरकोळ खात्यावर सही आपली असते. पत्नीला मी हे सगळे असेच सांगितले. ती म्हणाली, “मग कोणतं घ्यायचं ते सांगा.” बायका मुद्द्यावर लवकर येतात.

मग दुकानाच्या वाऱ्या सुरू झाल्या. ट्यूबच्या दर्शनी बाजूवर एसपीएफचा आकडा, पाने, फुले आणि हल्ली एखादी लाटही असते. ‘रीफ सेफ’ हे शब्द भारतात मिळणाऱ्या काही ट्यूबांवरही दिसतात. मात्र या शब्दांची कायदेशीर व्याख्या ना अमेरिकेत आहे ना आपल्याकडे. छापणाऱ्याला वाटेल तो त्याचा अर्थ. तारण म्हणून असा कागद कोणी पुढे केला असता तर मी तो परत केला असता. खरी माहिती पाठीमागे, मुंगीच्या अक्षरांत असते. तिथेही एक अडचण आहे. ऑक्सिबेंझोन हे नाव बहुधा आढळत नाही. त्याऐवजी ‘बेंझोफिनोन-३’ असे लिहिलेले असते. ऑक्टिनॉक्सेटच्या जागी ‘इथाइलहेक्झाइल मेथॉक्सिसिनामेट’ असे लांबलचक नाव येते. घरातल्या जुन्या ट्यूबवर मी भिंग धरले, तेव्हा हे दुसरे नाव पाण्यानंतर चौथेच होते. घटकांची यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, हे लक्षात घेतले म्हणजे चौथ्या क्रमांकाचा अर्थ कळतो.

राहिले ते खनिज प्रकारचे सनस्क्रीन, म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सोळा घटकांचा आढावा घेतला. उपलब्ध पुराव्यावरून सुरक्षित आणि परिणामकारक म्हणता येतील असे त्यांना हे दोनच वाटले. झिंक ऑक्साइड आपल्याला नवे नाही. घामोळ्यांवर लावायच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये तेच असते. अ‍ॅलन डोनाल्ड चेहऱ्यावर पांढरे पट्टे ओढून गोलंदाजीला धावत यायचा, ते पट्टेही याच जातीचे. अतिनील ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही किरणांना ते अडवते, म्हणून ल्यूपसच्या रुग्णाला ते चालते. तरीही ते समुद्राला पूर्णपणे निरुपद्रवी समजू नये. अतिसूक्ष्म कणांतून जस्त पाण्यात विरघळते आणि प्रमाण वाढले तर तेही जलजीवांना बाधते. त्यामुळे शंभर नॅनोमीटरहून मोठे कण, म्हणजे ‘नॉन-नॅनो’, असे लिहिलेले निवडावे. फवाऱ्याचे सनस्क्रीन तर घेऊच नये. त्यातले निम्मे वाळूवर आणि शेजाऱ्याच्या नाकात जाते.

आपल्या घरांत आणखी एक चाळणी लागते. आपण हिरवा ठिपका पाहतो आणि निश्चिंत होतो. पण तो ठिपका समुद्राविषयी काहीच सांगत नाही. ऑक्सिबेंझोन कारखान्यात तयार होते, त्यामुळे ठिपका हिरवाच राहील. उलट, समुद्राला चालणाऱ्या खनिज ट्यूबांत क्रीम घट्ट राहावे म्हणून मधमाश्यांचे मेण घालण्याची पद्धत बरीच आहे. मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन असू शकते. स्टिअरिक आम्ल पाम तेलातूनही मिळते आणि चरबीतूनही. स्क्वालेनचे तर विशेष वाटले. पूर्वी ते शार्क माशाच्या यकृतातल्या तेलातून काढत, आता ऑलिव्ह किंवा उसापासूनही मिळते. यादीत फक्त ‘स्क्वालेन’ असते, उगम नसतो. समुद्र वाचवण्याच्या क्रीमसाठी समुद्रातलाच जीव मारलेला असावा, हा हिशेब मला पटेना.

माझ्या भाच्याचा सौंदर्यप्रसाधनांचा घाऊक व्यापार आहे. त्याच्या गोदामात बसून आम्ही दोघांनी एका दुपारी बावीस ट्यूबांच्या पाठी वाचल्या. सगळ्या चाळण्यांतून तीन उरल्या. भाचा हसून म्हणाला, “मामा, या तिन्ही पडून आहेत. गिऱ्हाईक पांढरं तोंड घेऊन जायला तयार नसतं.” त्याची अडचण खरी होती. आपल्या सावळ्या कातडीवर झिंकचा थर राखेसारखा दिसतो. तिन्हींपैकी एकीत लोह ऑक्साइडचा तपकिरी रंग मिसळला होता. ती लावल्यावर चेहरा माणसाचा वाटत होता. डॉक्टरांना फोन करून विचारले. त्यांनी होकार दिला आणि रंगीत प्रकार उलट बरा म्हणाले, कारण लोह ऑक्साइड दृश्य प्रकाशाचाही काही भाग अडवते. दर ग्रॅमला किंमत काढली, तेव्हा जुन्या ट्यूबच्या दुपटीला थोडी कमी पडली.

इथे एक गणित उपयोगी पडले. सनस्क्रीनवरचा एसपीएफ मोजतात तो प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम लावून. प्रौढ माणसाच्या कातडीचे क्षेत्र साधारण सतरा हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे सर्वांगाला एका वेळी चौतीस ग्रॅम. तेही दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. पन्नास ग्रॅमची ट्यूब दीड वेळेत संपली! बहुतेक लोक याच्या निम्मे किंवा पावच लावतात, म्हणून एसपीएफ ५० घेऊनही भाजतात. समजा, एका दिवशी दोनशे पर्यटकांनी तीस-तीस ग्रॅम लावले आणि त्यातला चौथा भाग पाण्यात गेला, तर एका छोट्या खडकाभोवती दीड किलो रसायन जमा होते. तेच पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि पायघोळ विजार घातली, तर उघडे राहतात ते चेहरा, मान, हात आणि पावले. पाच ते सहा ग्रॅममध्ये काम भागते. कापड पाण्यात विरघळत नाही आणि दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पहिली खरेदी कपड्यांची करावी, क्रीमची नंतर. खर्चही हिशेबात बसतो. एसपीएफच्या मोठ्या आकड्यामागे धावू नये. ३० चे सनस्क्रीन ‘ब’ किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० चे ९८ टक्के. पत्नीसाठी आम्ही ५० चे घेतले, कारण तिच्याबाबतीत तो एक टक्काही मोलाचा. आम्हा बाकीच्यांना ३० चे पुरले.

मालवणला सकाळी आठच्या होडीने निघालो, ऊन चढण्याआधी. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. ते जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे आहे. इथल्या प्रवाळांवरही विरंजनाची नोंद झालेली आहे. पत्नी पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत, मोठ्या टोपीखाली, होडीच्या ताडपत्रीच्या सावलीत बसली होती. नात आणि मुलगा पाण्यात उतरले. शेजारच्या होडीतला एक तरुण पाण्यात एका खडकावर विश्रांतीला उभा राहिला. आमचा नावाडी ओरडला, “अरे, खडक न्हय तो, जिवंत आसा!” एका पावलाने जे मोडते, ते कोणत्याही क्रीमने मोडणार नाही, हे मला तिथे उमगले. नातीने दोन वेळा पाण्यात डोके घातले. तिसऱ्यांदा वर आली ती सरळ होडीच्या काठाला हात लावून आजीला सांगू लागली, की मेंदूच्या आकाराचा एक प्रवाळ आहे आणि त्याच्या घडीतून निळा मासा बाहेर बघतोय. आजीच्या गालांवर त्या दिवशी चट्टा उठला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सांगलीला परतल्यावर पत्नीने घरीही तीच ट्यूब चालू ठेवली. मी म्हटले, इथे कुठला समुद्र? ती म्हणाली, “न्हाणीघरातलं पाणी जातं कुठे?” सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून ही रसायने पूर्णपणे निघत नाहीत हे मीच तिला वाचून दाखवले होते. आमची कृष्णा अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते.

भाच्याच्या सांगण्यावरून मी त्या ट्यूबच्या कंपनीला दोन प्रश्न लिहून पाठवले होते. स्टिअरिक आम्लाचा उगम कोणता आणि झिंकच्या कणांचा आकार किती? पहिल्याचे उत्तर चार दिवसांत आले, वनस्पतिजन्य. दुसऱ्याला ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे’ एवढेच आले. मी पुन्हा लिहिले आहे. भाच्याने आपल्या घाऊक मागणीच्या पत्रातही हाच प्रश्न घातला आहे. त्याच्या पत्राला उत्तर लवकर येईल असा माझा कयास आहे, कारण त्यासोबत बारा डझनांची मागणी आहे.