ओसरीवरचा निळा पाहुणा

इंग्लंडचा वसंत पाहावा तो एप्रिलच्या अखेरीस, आणि तोही रानात. ओक आणि बीच या वृक्षांना पालवी पुरती फुटलेली नसते, ऊन मोकळेपणाने खाली उतरते, आणि तेवढ्या संधीत ब्लूबेलची लाखो फुले जमीन निळी करून टाकतात. लंडनच्या क्यू उद्यानात राणी शार्लटच्या कॉटेजभोवती असे रान आहे. तिथे बडबडी मुलेसुद्धा क्षणभर गप्प होतात.

पायवाट मात्र सोडायची नाही! पाने तुडवली गेली की कंदाचे पोषण खुंटते. बी रुजल्यापासून पहिले फूल दिसायलाच पाचेक वर्षे लागतात. मालकाच्या परवानगीवाचून रानातला कंद उपटणे हा १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १९९८ पासून रानातल्या कंदांच्या व्यापारालाही बंदी आहे.

असे असताना, उपनगरात मी उतरलो होतो त्या घरच्या बाई परसात काटेफावडे घेऊन नेमकी तीच निळी फुले खणून काढताना पाहिल्या, तेव्हा मला राहवले नाही.

"अहो, हा तर गुन्हा ना?"

"तो रानातल्यांचा. हे स्पॅनिश आहेत," बाई हसून म्हणाल्या, आणि दोन्ही फुले शेजारी ठेवून त्यांनी मला धडाच दिला. देशी फुलाचा दांडा एका बाजूला लवलेला, पाने अरुंद, पराग दुधाळ पांढरे आणि वास गोड. स्पॅनिशाचा दांडा ताठ, फुले चहूबाजूंनी, पाने रुंद, पराग निळसर आणि वास जवळजवळ नाहीच.

सतराव्या शतकात हा पाहुणा शोभेसाठी इंग्रजांच्या बागांत आला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! कंदाला कंद फुटत गेले, बी सांडत गेले. त्यातून मधमाशीला कुंपण कळत नाही. देशी आणि स्पॅनिश यांचा संकर होतो, आणि त्या संकराचेही बी रुजते. बाईंच्या परसामागे जुने रान होते. त्यांची काळजी ती होती.

बंदोबस्ताची रीत त्यांच्याकडून ऐकली ती अशी. पाने हिरवी असतानाच खणावे. ती वाळली की कंदाचा ठाव लागत नाही. पाने ओढू नयेत; ती तुटून हातात येतात आणि कंद खालीच राहतो. वीतभर खोल जाऊन बारीक कंदसुद्धा वेचावेत. तणनाशक गुळगुळीत पानांवरून ओघळून जाते. खणणे जमले नाही तर बी धरण्यापूर्वी फुले खुडावीत. काढलेले कंद तसेच खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर खताबरोबर ते बागभर पसरतात. काळ्या पिशवीत वर्षभर कुजवावेत, आणि रानात तर मुळीच फेकू नयेत. एवढे करूनही पुढच्या वसंतात काही डोकी वर येतातच.

मग हा खटाटोप व्यर्थच का? तसे नाही. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातील संशोधकांना २०१९ मध्ये असे आढळले, की देशी ब्लूबेलची प्रजननक्षमता पाहुण्यापेक्षा सरस आहे. रानाची बाजू अजून भक्कम आहे. बागवाल्यांनी आपला परसू सांभाळला म्हणजे झाले.

खणलेली फुले बाईंनी टाकली नाहीत. "त्यांचा काय दोष?" म्हणत त्यांनी ती चहाच्या टेबलावर तांब्यात ठेवली. दिसत सुरेख होती. मी वाकून वास घेतला. कसलाच आला नाही.